नायट्रोजनची रिकामटेकडी जोडी

हवेतला नायट्रोजन तसा आळशीच. हवेचा ७८ टक्के भाग त्याचा, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की त्यांना सोडवायला मोलमागे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तोच अणू कार्बनच्या सांगाड्यात शिरला की मात्र त्याचा स्वभाव पार पालटतो.

नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन. तीन बंध जुळवण्यात खर्ची पडतात, उरलेली दोघांची जोडी रिकामटेकडी राहते. पुस्तकं तिला ‘एकाकी जोडी’ म्हणतात. मला हे नाव कधी पटलं नाही. एकाकी कसली, सतत कुणावर तरी टपलेली असते ती! आम्लातला हायड्रोजन आयन दिसला रे दिसला की त्याला पकडते. म्हणून अमाइन वर्गातली, म्हणजे कार्बनला असा नायट्रोजन जोडलेली संयुगं आम्लारिधर्मी, आम्लाच्या उलट स्वभावाची असतात.

शिळ्या माशाला येणारा वास ट्रायमेथिलअमाइनचा. त्यावर लिंबू पिळलं की वास मरतो, तो या जोडीमुळेच. तिने हायड्रोजन आयन पकडला की रेणूवर धन प्रभार येतो, त्याचा क्षार बनतो, आणि क्षार काही उडून नाकापर्यंत येत नाही. औषधांच्या नावांना ‘हायड्रोक्लोराइड’चं शेपूट असतं त्यामागेही हीच युक्ती. मॉर्फीन पाण्यात जेमतेम विरघळतं, त्याचा क्षार मात्र सहज.

आता नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजन बसवा. झालं अमाइड! जोडी ऑक्सिजनच्या दिशेने ओढली जाते आणि तिचा आम्लारिधर्म जवळपास संपतो. कार्बन-नायट्रोजन बंध १४७ पिकोमीटरवरून १३३ च्या आसपास आखडतो, अर्धवट दुहेरी होतो आणि स्वतःभोवती मोकळेपणी फिरेनासा होतो. प्रथिनांच्या साखळीत अमिनो आम्लं याच बंधाने जोडलेली असतात. साखळी हवी तशी लुळी पडत नाही, ठरावीक घड्या घेते, त्याला या ताठर बंधांचा मोठा हातभार आहे.

म्हणजे नुसते नायट्रोजन मोजून भागत नाही, तो कुणाशेजारी बसलाय ते पाहावं लागतं. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने हिवतापावरचं औषध क्विनीन बनवायचा घाट घातला तेव्हा हे ठाऊक असण्याची सोयच नव्हती. रेणूंची रचना कागदावर मांडायची रीतच अजून यायची होती. अ‍ॅलिलटोल्युइडिन या अमाइनचे दोन रेणू घ्यायचे, त्यात ऑक्सिजन घालायचा, पाणी काढायचं, की अणूंची बेरीज क्विनीनइतकी भरते. हिशेब चोख, हाती आला तांबूस चिखल! मग त्याने त्याहून साधं अमाइन, अ‍ॅनिलिन घेऊन पाहिलं. या वेळी काळा साका मिळाला; त्यातून निघाला जांभळा रंग, मोव्ह, आणि त्याने कृत्रिम रंगांचा धंदा उभा केला.

क्विनीनमध्ये नायट्रोजन दोनच. एकाची जोडी सपाट वलयाच्या बाहेर डोकावते, पण आयन पकडण्यात तशी मंदच. दुसरा पिंजऱ्यासारख्या वलयांच्या टोकाला बसलेला. रेणू तोच, तरी हा दुसरा पहिल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त आम्लारिधर्मी आहे.