सुधारित रोहू म्हणजे नेमका कोणता रोहू?

रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. महाराष्ट्रातल्या तलावांत ते बंगालहून रेल्वेने आलेल्या बीजातून रुजले. पुराच्या पाण्यातून गोळा केलेल्या त्या बीजात नको असलेल्या माशांची पिल्लंही भरपूर असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवण्यात यश आलं आणि नदीवरचं अवलंबन संपत गेलं. त्याची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. नदीचं बीज थांबलं तसं तलावात नवं रक्त येणंही थांबलं. हॅचरीतल्या मोजक्या नर-माद्यांची पिल्लं मोठी होऊन पुन्हा तिथलेच ब्रूडर, म्हणजे प्रजननासाठी ठेवलेले नर-मादी, होऊ लागली.

या पार्श्वभूमीवर १९९२ मध्ये भुवनेश्वरजवळच्या गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संशोधन संस्थेत नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या मदतीने रोहूचा निवड कार्यक्रम, म्हणजे दर पिढीत सरस मासे निवडून त्यांचंच प्रजनन करणं, सुरू झाला. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या पाच नद्यांतला रोहू आणला गेला, शिवाय संस्थेच्या तळ्यातलाही घेतला. निवडीसाठी रोहूच का, याचं उत्तर बाजारात आहे. गिऱ्हाईक त्याला पहिली पसंती देतं, पण वाढीत तो कटल्याच्या मागे राहतो.

पहिला प्रश्न होता संकर की निवड. पाच ठिकाणांहून आलेल्या रोहूंच्या प्रत्येक गटाचा प्रत्येकाशी संयोग करून पाहिला. नद्या इतक्या दूरदूरच्या, तेव्हा संकरित पिल्लं झपाट्याने वाढतील अशी अपेक्षा होती. तसा फायदा जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून संकराचा नाद सोडून निवडीचा लांबचा रस्ता धरला. त्या घडीला ते धाडसच होतं. इस्रायलमध्ये सायप्रिनस या रोहूच्याच कार्प कुळातल्या माशावर पाच पिढ्या निवड करूनही वाढ पुढे सरकली नव्हती. उलट मुद्दाम लहान मासे निवडले तर पिढ्या भराभर खुजत गेल्या. त्यामुळे कार्प जातीत निवडीने वाढ मिळत नाही, अशी समजूत बळावली होती.

काम किचकट होतं. एका नर-मादीची पिल्लं एका कुंडात, दुसऱ्या जोडीची दुसऱ्या. बोटुकली झाली की प्रत्येकीच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची आणि मगच सगळ्या कुटुंबांना एका तळ्यात सोडायचं. काढणीच्या वेळी मासा यंत्रापुढे धरला की क्रमांक दिसतो आणि त्यावरून आई-बाप कळतात. मग वजन. पिढीमागे सरासरी सुमारे १७ टक्के वाढ मिळाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, हा मासा 'जयंती रोहू' म्हणून बाहेर आला.

वाद आहे तो निवडीच्या निकषाचा. आधी चारच वर्षं, १९८८ मध्ये, अंगावर लाल जखमा पाडणारा साथीचा रोग ईशान्य भारतात शिरला होता. सर्वात मोठा मार मरळीला बसला, पण रोहू-मृगळाची कोवळी पिल्लंही सुटली नाहीत. तरीही पहिल्या पिढ्यांत निवड झाली ती वाढीवर. कारणं समजण्यासारखी आहेत. वजन काट्यावर कळतं. रोगाला टिकण्याची ताकद मोजायची तर मुद्दाम रोग लावून मासे मरू द्यावे लागतात. जगलेल्यांच्या अंगात जंतू असतो, म्हणून ब्रूडर निवडायचे ते त्यांच्या न टोचलेल्या भावंडांतून. त्यासाठी वेगळी कुंडं लागतात आणि सांडपाण्यावर कडक पहारा ठेवावा लागतो. हे सगळं मान्य केलं तरी मला तो निर्णय अपुरा वाटतो. सोव्हिएत रशियात क्रास्नोदारला साठच्या दशकातच सायप्रिनसची जलोदराला टिकण्यासाठी निवड सुरू झाली होती, म्हणजे वाट अनोळखी नव्हती. आणि आपला शेतकरी बुडतो तो वाढ दहा टक्के कमी पडली म्हणून नव्हे. एका आठवड्यात मेलेल्या माशांनी तळं पांढरं झालं की तो बुडतो.

रोगाची बाजू पुढे घेतली गेली. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू टोचून कुठल्या कुटुंबातली पिल्लं जगतात ते नोंदवलं आणि टिकणारी व न टिकणारी अशा दोन वेगळ्या ओळी तयार केल्या. त्यांच्यातल्या जनुकांच्या फरकाचा अभ्यासही झाला. पण शेतकऱ्यांच्या तळ्यांत पोचला तो मुख्यतः वजनावर निवडलेला रोहू. शिवाय एका जिवाणूला टिकणारा मासा आर्ग्युलसला टिकेलच असं नाही. रोहूच्या खवल्यांना चिकटून रक्त शोषणारी ही ऊ आंध्रातल्या तळ्यांत आजही मोठी डोकेदुखी आहे. तिथे दहातले आठ-नऊ मासे रोहूच असतात.

इथेच 'सुधारित' शब्दाचा गुंता आहे. कुणी तो 'संकरित' या अर्थाने घेतं, कुणी 'जीएम' म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेला म्हणून घाबरतं, तर कुणी रोगमुक्त समजून बेफिकीर राहतं. जयंती यातला एकही नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला शुद्ध रोहू आहे. खरा संकर नकळत होतो तो हॅचरीत. एकाच गोल टाकीत कटला आणि रोहू एका रात्री सोडले की अंडी आणि मिल्ट (नराचं वीर्य) मिसळतं आणि रोहूसारखं लहान डोकं व कटल्यासारखं रुंद अंग असलेली पिल्लं निघतात. ती पुढे ब्रूडर झाली तर दोन्ही जाती बिघडतात.

अमृतमहोत्सवाच्या काळात 'अमृत कटला' आला, तोही वाढीवरच निवडलेला. मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, विकणारा ती वाटीने मोजून ऑक्सिजनच्या पिशवीत भरतो आणि 'सुधारित आहे' म्हणतो. तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात. ब्रूडर कुठून आणि कुठल्या वर्षी आणले? आणि रोहू व कटल्याच्या टाक्या वेगळ्या आहेत का?