गायलं त्याचंच गाणं? तसं नसतंय

कोल्हापुरात ऑर्केस्ट्रावाल्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड कायम फिरतंय, की अल्बम गायकाचाच, कंपनी नुसती विकते, मग भांडण झालं की कंपनीनं गाणी ढापली. आवाज त्याचा म्हटल्यावर पटतंयच की. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा पहिला मालक ते करून घेणारा निर्माता, बहुतेक वेळा कंपनीच, शब्द नि चाल यांचे हक्क वेगळे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा कंपनीला सोडून देता येत नाही, हे लय चांगलं झालं. रेकॉर्डिंगची मालकी कंपनीची असली, की मोठा स्टारसुद्धा जुनं रेकॉर्डिंग उचलून दुसऱ्या लेबलला, म्हणजे दुसऱ्या म्युझिक कंपनीला, देऊ शकत नाही. पोरांनो, सहीआधी करारात मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाचा ते वाचाच. खात्री करायचीय? अ‍ॅपवर अल्बमच्या तळाला गोलातलं पी शोधा, त्यापुढं सहसा रेकॉर्डिंगच्या मालकाचं नाव असतंय, गायकानं स्वतःच्या पैशानं केलं असलं नि कुणाला लिहून दिलं नसलं तर तिथं त्याचंच.