वाहत्या पाण्यात जंतू टिकत नाहीत?

‘वाहतं पाणी निर्मळ’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामागची समजूत अशी, की एवढासा जंतू धारेत काय टिकणार, वाहूनच जाणार. ही समजूत चुकीची आहे.

ई. कोलाय जिवाणू जेमतेम २ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतो, पण सेकंदाला २०-३० मायक्रॉन पोहतो. नळीच्या मधोमध धारेपुढे त्याचं काही चालत नाही, हे खरं. कडेला मात्र पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. तिथे पोचला की वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो तसा प्रवाहच त्याला उलट्या दिशेला वळवतो, आणि तो भिंतीला धरून वर चढू लागतो.

शेवाळाच्या पोहणाऱ्या पेशींची तऱ्हा आणखी वेगळी. पाणी खाली वाहणाऱ्या नळीत त्या मधोमध गोळा होतात आणि हिरवी रेघ डोळ्यांना दिसते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन केसलर यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं.

घरात कुणाला लघवीची नळी लावली असेल तर जंतूंचं हे भिंतीला धरून वर चढणं फार मनावर घ्या. लघवी खाली वाहत असली तरी जंतू वर मूत्राशयापर्यंत पोचू शकतात. म्हणून पिशवी खाली ठेवाच, पण नळीचा जोड विनाकारण उघडू नका, आणि नळीला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा.