आधी कान, मग जीभ

'त' आणि 'ट' यांतला फरक मराठी माणसाला इतका उघड वाटतो, की तो कुणाला ऐकू येत नसेल हे खरंच वाटत नाही. पण इंग्रजी घरात वाढलेल्या बहुतेक प्रौढांना हे दोन आवाज एकच वाटतात. त्यांच्या तान्ह्या बाळांना मात्र ते वेगळे ऐकू येतात!

जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात केलेला हा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. हिंदीतला एक आवाज सारखा वाजत ठेवायचा आणि मधेच तो बदलायचा. बदल ओळखून बाळानं मान वळवली की बाजूचं खेळणं उजळायचं. इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवत होती. १० ते १२ महिन्यांच्या बाळांत ते जमणारी फारच थोडी निघाली. त्याच वयाची, हिंदी ऐकत वाढणारी बाळं मात्र फरक ओळखत होती. म्हणजे तोंडातून धड एक शब्द फुटण्याआधीच कोणते फरक कामाचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे कानानं ठरवलेलं असतं.

याची सुरुवात तर पोटातच होते. नवजात बाळ आईचा आवाज ओळखतं. फ्रेंच आणि जर्मन बाळांच्या रडण्याची चालही पहिल्या आठवड्यातच वेगळी असते, असं २००९ साली दिसून आलं. फ्रेंच रडणं चढत जातं, जर्मन उतरत येतं.

पुढचं कोडं याहून अवघड. आपण बोलताना शब्दांमध्ये थांबत नाही, मग एक शब्द कुठे संपला हे बाळाला कळतं कसं? जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ८ महिन्यांच्या बाळांना 'बिदाकूपादोतीगोलाबू' अशी निरर्थक, सलग बडबड फक्त २ मिनिटं ऐकवली. 'बि'नंतर 'दा' दर वेळी येतो, 'कू'नंतर मात्र काहीही येऊ शकतं, एवढ्याच खुणेवरून बाळांनी शब्द वेगळे काढले. शिकवणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यावरून बाळासमोर दुसऱ्या भाषेचे व्हिडिओ लावून ठेवावेत, असं मात्र मुळीच नाही. पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकी घरांतल्या ९ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. १२ बैठका समोर बसलेल्या माणसाबरोबर झाल्या, तेव्हा चिनीतले आवाज बाळांच्या कानात बसले. तेच पडद्यावरून ऐकवलं, तर काही उपयोग झाला नाही.

मग प्रौढांनी आशा सोडायची का? उलट, पहिले काही महिने मोठी माणसं पुढे असतात. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांच्या १९७८ सालच्या अभ्यासात सुरुवातीला लहानग्यांपेक्षा किशोर आणि प्रौढांची प्रगती जास्त होती. मोठ्यांना नियम सांगितला की कळतो, हा आपला मोठाच फायदा. मागे पडतात ते आपले उच्चार. पण कानही नव्यानं तयार करता येतो. जपानी प्रौढांना 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवण्याचे प्रयोग झाले, त्यांत अनेक वेगवेगळ्या लोकांचे आवाज ऐकवण्याचा चांगला उपयोग झाला. एकाच शिक्षकाच्या आवाजाला चिकटून राहू नये, ते यासाठी.

अरबी शिकताना हे फार कामाला येतं. त्या भाषेत दोन वेगळे 'त' आहेत, दोन 'स' आहेत, आणि घशाच्या तळातून येणारा 'ऐन' तर आपल्या लिपीत धड लिहिताही येत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. कोणती अरबी शिकायची? बातम्या, पुस्तकं आणि भाषणं यांची भाषा फुसहा. घरात आणि रस्त्यावर बोलतात ती आम्मिया, आणि ती प्रत्येक प्रदेशाची निराळी. 'आत्ता' हा साधा शब्द घ्या. फुसहात तो 'अल-आन', कैरोत 'दिलवअती', दमास्कसमध्ये 'हल्लअ', आखातात 'अल-हीन', मोरोक्कोत 'दाबा'. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये या दुहेरी व्यवस्थेचं वर्णन केलं, तेव्हा अरबी हे त्यांचं एक ठळक उदाहरण होतं.

फुसहा ही कुठल्याच अरब मुलाची घरातली बोली नसते, ती शाळेत भेटते. परदेशी विद्यार्थी बहुधा उलट्या टोकानं सुरुवात करतो. वर्षभर विभक्तिप्रत्यय घोकतो आणि टॅक्सीवाल्याचं एक वाक्य त्याला कळत नाही, कारण बोलीत ते प्रत्यय बहुतेक गळून गेलेले असतात. कुराण किंवा वर्तमानपत्र वाचायचं असेल तर फुसहाच हवी, यात वाद नाही. माणसांशी बोलायचं असेल, तर माझ्या मते आधी एक शहर निवडावं आणि तिथली बोली तिथल्याच लोकांकडून ऐकावी.

आणि वाचनालाही शेवटी कानाचीच गरज लागते. रोजच्या अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरं 'कतब' म्हणजे 'त्यानं लिहिलं' अशी वाचता येतात, 'कुतुब' म्हणजे 'पुस्तकं' अशीही, आणि 'कुतिब' म्हणजे 'लिहिलं गेलं' अशीही. यातलं बरोबर कोणतं, हे संदर्भावरून ओळखायचं असतं, आणि ते जमतं तो शब्द आधी कानावरून गेला असेल तर. अरब मुलांनाही वाचायला शिकताना घरच्या बोलीत नसलेले फुसहाचे आवाज जास्त जड जातात.