लोकरी शर्टांची कालनिश्चिती

जुना लोकरी शर्ट कोणत्या काळात शिवला गेला, हे त्याचे लेबल, शिवण, बटणे आणि कॉलर यांवरून ठरवण्याची पद्धत. विसाव्या शतकातील अमेरिकी शर्टांच्या बाबतीत ती विशेष उपयोगी पडते; कारण लेबलावर काय असावे हे तिथे कायद्याने ठरत गेले आणि त्या कायद्यांच्या तारखा पक्क्या आहेत. ओरेगन राज्यातील पेंडलटन वुलन मिल्सचे चौकड्यांचे शर्ट हे त्याचे ठळक उदाहरण. बिशप बंधूंनी १९०९ मध्ये पेंडलटन गावातली गिरणी हाती घेतली. तिथे आधी ब्लँकेट विणली जात. रंगीबेरंगी पुरुषी शर्ट १९२४ पासून आले.

पहिली तपासणी लेबलाची. लोकरी मालावर धाग्यांचे प्रमाण नोंदवणे सक्तीचे करणारा कायदा १९३९ च्या नावाने ओळखला जातो, पण तो संमत झाला १९४० मध्ये आणि अमलात आला जुलै १९४१ मध्ये. चिंध्या उकलून पुन्हा कातलेली लोकर नव्या लोकरीच्या भावाने विकली जाऊ नये, हा त्याचा हेतू होता. याच कायद्याखाली उत्पादकांना ‘डब्ल्यूपीएल’ (वुल प्रॉडक्ट्स लेबल) हे कंपनीची ओळख पटवणारे क्रमांक मिळू लागले. ते १९५९ पर्यंत दिले गेले; त्यानंतर ‘आरएन’ (नोंदणी) क्रमांकांची मालिका १३६७० पासून पुढे चालू राहिली. इथे नवखा संग्राहक हमखास फसतो. क्रमांक कंपनीचा असतो, शर्टाचा नव्हे. १९४५ मध्ये मिळालेला क्रमांक तीच कंपनी पुढे कित्येक दशके छापू शकते. म्हणून क्रमांकावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सिद्ध होते, आणि तेही काही कमी नाही.

लोकरीच्या लडीसारखे दिसणारे, शुद्ध लोकरीची खूण असलेले वूलमार्क चिन्ह १९६४ मध्ये प्रचारात आले. ते मूळ लेबलावर असेल तर शर्ट त्याआधीचा असू शकत नाही. धुण्या-इस्त्रीच्या सूचना १९७२ पासून सक्तीच्या झाल्या. ‘पुनःप्रक्रिया केलेली’ आणि ‘पुनर्वापरातील’ लोकर असे जुने दोन वर्ग १९८० च्या दुरुस्तीने ‘रीसायकल्ड’ या एकाच शब्दात आले. मूळ देशाचा उल्लेख अमेरिकेतच बनलेल्या मालावरही आवश्यक झाला तो १९८४ च्या दुरुस्तीनंतर. मात्र ‘मेड इन यूएसए’ हे शब्द अनेक कंपन्या त्याआधीही अभिमानाने विणत होत्या, त्यामुळे केवळ त्यांवरून शर्ट नंतरचा ठरवू नये. शर्टात शिवलेली कामगार संघटनेची चिठ्ठी सापडली तर ती जपावी. ‘अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स’ ही संघटना १९१४ मध्ये स्थापन झाली आणि १९७६ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली, म्हणून नुसत्या तिच्या नावानेही काळ आवळता येतो.

शिवणीचा पुरावा याहून सैल असतो, कारण फॅशन सरकारी तारखांनुसार बदलत नाही. लांब, टोकदार कॉलर तिशी-चाळिशीच्या दशकांकडे बोट दाखवते. रुंद, पसरट कॉलर सत्तरीच्या दशकाकडे. गळ्याशी फासा असलेली सपाट कॉलर कॅलिफोर्नियातल्या लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी लोकप्रिय केली. ‘बीच बॉइज’ या गायकांच्या संचाचे आधीचे नाव ‘पेंडलटोन्स’ होते, ते या शर्टांवरूनच. खिशावरच्या चौकड्या छातीवरच्या चौकड्यांशी तंतोतंत जुळतात का, हे मात्र काळापेक्षा कारागिरीबद्दल अधिक सांगते.

दोऱ्याची परीक्षा आतल्या शिवणीतून निघालेल्या सुट्या टोकावर करता येते. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी बनतो. सगळीकडे पॉलिस्टरचा दोरा असेल तर शर्ट चाळिशीच्या दशकातला असल्याचा दावा टिकत नाही. बटणांवर सर्वांत कमी विसंबावे: ती तुटतात, बदलली जातात. काजाभोवतीची झीज आणि बटणाखालच्या दोऱ्याचा रंग पाहिला की बदल उघडा पडतो. कसर लागलेली भोके रफू केलेली असतील तर रफूचा दोरा वेगळा तपासावा. तो दुरुस्तीचा काळ सांगतो, शर्टाचा नाही.

लेबल उसवून दुसऱ्या शर्टाला लावण्याचे प्रकार होतात, म्हणून त्याच्या कडेचे टाके व जुन्या सुईची भोके पाहणे आवश्यक. जुन्या धर्तीची लेबले लावून कंपन्या स्वतःही नव्याने शर्ट काढतात. अशा वेळी बाजूच्या शिवणीतली छोटी चिठ्ठी खरे सांगते. जाणकार संग्राहक एकच साल लिहीत नाहीत. धाग्यांचे प्रमाण छापलेले, वूलमार्क नाही, धुण्याची सूचना नाही आणि सर्व चिठ्ठ्या जागच्या जागी, अशा पेंडलटन शर्टाची नोंद ते ‘१९४१ नंतर, बहुधा १९७२ पूर्वी’ अशी करतात, आणि कॉलर व दोरा पाहून ही मर्यादा आणखी अरुंद करतात.