उजेडावर चालणारं मनगटी घड्याळ: पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

प्रकाशावर चालणारं मनगटी घड्याळ वापरायला लागलं की त्याच्या काही सवयी हळूहळू कळतात. तिरप्या उन्हात तबकडी नीट न्याहाळली तर काही घड्याळांत तिच्याखाली गडद जांभळट पत्रा आणि त्याचे भाग पाडणाऱ्या बारीक रेषा दिसतात. घड्याळ बरेच दिवस कपाटात पडून राहिलं तर सेकंदकाटा एकेक सेकंद सरकायचं सोडून दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. सोबतच्या पुस्तिकेत किती उजेडात किती वेळ ठेवायचं याचा तक्ता असतो. या प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे. तो वाचताना मला सतत एकच जाणवत राहिलं: घड्याळ बनवणाऱ्यांना उजेड मिळवताना जेवढा त्रास झाला, त्याहून कितीतरी जास्त तो अंधारासाठी साठवून ठेवताना झाला.

उजेडापासून वीज निर्माण होते हे एदमों बेकेरेल या फ्रेंच तरुणाने 1839 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दाखवलं होतं. पण उपयोगी पडेल इतकी वीज देणारा सिलिकॉनचा सोलर सेल यायला 1954 साल उजाडलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी तो बनवला. अंगावर पडणाऱ्या उजेडापैकी साधारण 6 टक्के ऊर्जेची तो वीज करत असे. चारच वर्षांनी, मार्च 1958 मध्ये, व्हॅनगार्ड 1 हा छोटा उपग्रह असे सेल घेऊन वर गेला. त्याच्यावर दोन प्रक्षेपक होते. बॅटरीवरचा प्रक्षेपक काही महिन्यांतच गप्प झाला, तर सोलर सेलवरचा 1964 पर्यंत संदेश पाठवत राहिला.

मग हे सेल मनगटावर यायला एवढा उशीर का लागला? कारण तोपर्यंत घड्याळाला विजेची गरजच नव्हती. चावी दिली की स्प्रिंग आपलं काम करत होती. बॅटरीवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ हॅमिल्टन कंपनीने 1957 मध्ये विकायला काढलं. सायकोने 25 डिसेंबर 1969 रोजी क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन बाजारात आणलं आणि घड्याळाचा ठोका क्वार्ट्झच्या स्फटिकाकडे गेला. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. एक छोटी चिप ते कंप मोजून दर सेकंदाला काट्याच्या मोटरला एक इशारा देते. एवढं सगळं करायला काही मायक्रोवॅट वीज पुरते. तबकडीएवढ्या जागेवर पडणाऱ्या उजेडातून ती सहज मिळते. म्हणजे सोलर घड्याळाची वाट सोलर सेलच्या संशोधकांइतकीच, कमी वीज खाणारी चिप बनवणाऱ्यांनीही मोकळी केली. त्यांचं नाव या संदर्भात क्वचितच घेतलं जातं, हे मला खटकतं.

अमेरिकेत रॉजर रील या संशोधकाने 1960 च्या दशकाच्या अखेरीसच असं घड्याळ रचायला घेतलं होतं. ते 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सिंक्रोनार 2100 या नावाने विक्रीला आलं. त्याला काटे नव्हते, आकडे लाल एलईडी दिव्यांचे होते. हे दिवे वीज भरपूर खातात, म्हणून त्या काळातल्या इतर एलईडी घड्याळांत वेळ बघायला प्रत्येक वेळी बटण दाबावं लागे. रील यांनी सोलर सेल वरच्या बाजूला, आकाशाकडे तोंड करून बसवले आणि आकडे घड्याळाच्या कडेला आणले. गाडी चालवताना मनगट न वळवताही ते दिसत. आतली सगळी यंत्रणा प्लास्टिकच्या ठोकळ्यात बंद करून टाकली होती. आत पाणी जाऊ नये म्हणून बटणंसुद्धा चुंबकाने काम करणारी. इतकं धाडस करून बनवलेलं पहिलंवहिलं यंत्र माझ्या पाहण्यात फारसं नाही. पण बॅटऱ्याही त्याच ठोकळ्यात होत्या, आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी कुठलीच बॅटरी तेव्हा दीर्घायुषी नव्हती.

काटे असलेलं पहिलं सोलर क्वार्ट्झ घड्याळ जपानच्या सिटिझन कंपनीने 1976 मध्ये आणलं. त्याचं नाव क्रिस्ट्रॉन सोलर सेल. त्याच्या तबकडीवर सेल उघडेच दिसत, आणि त्या काळी तीच त्याची शान होती. मग सायकोसह इतर कंपन्याही उतरल्या. पण हा बहर टिकला नाही. साधा सिल्व्हर ऑक्साइडचा बटण सेल दोन-तीन वर्षं सहज चालू लागला आणि क्वार्ट्झ घड्याळं झपाट्याने स्वस्त झाली. उलट सोलर घड्याळातली चार्ज होणारी बॅटरी काही वर्षांत म्हातारी व्हायची, कधी गळायची, आणि तबकडीवर काळे तुकडे मिरवणारं घड्याळ ऐन उन्हातही बंद पडायचं. पाऊस मुबलक, पण रांजणच गळका, अशी गत होती. ऐंशीच्या दशकात बॅटरीऐवजी कपॅसिटर, म्हणजे रासायनिक क्रियेशिवाय वीज साठवणारे छोटे भाग, वापरून पाहिले गेले. ते हजारो वेळा भरता-रिकामे करता येतात, पण त्यांत साठा फार थोडा राहतो. घड्याळ पेटीत ठेवून लांबच्या प्रवासाला गेलेल्या माणसाला परतल्यावर ते बंद पडलेलं सापडे.

सुटकेचा एक धागा वेगळ्याच दिशेने आला. 1976 मध्येच आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर व्रॉन्स्की यांनी अमॉर्फस, म्हणजे स्फटिकाची शिस्तबद्ध रचना नसलेल्या सिलिकॉनचा अतिपातळ सोलर सेल केल्याचं प्रसिद्ध केलं. कडक उन्हात तो स्फटिकी सिलिकॉनपेक्षा मागे पडतो. पण खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांतच एकवटलेला असतो, आणि अमॉर्फस सिलिकॉन नेमका त्याच पट्ट्यात चांगलं काम करतं. ऐंशीच्या दशकात टेबलावरचे कॅल्क्युलेटर याच सेलवर चालू लागले, आणि दिवसभर छताखाली वावरणाऱ्या माणसाच्या मनगटासाठीही तेच योग्य ठरले. तबकडीखालच्या त्या बारीक रेषाही इथूनच आल्या. असा एक सेल एक व्होल्टदेखील देत नाही, म्हणून बॅटरी भरण्याइतका दाब मिळवायला अनेक घड्याळांत त्याचे चार-सहा तुकडे करून ते एकापाठोपाठ एक जोडतात. तुकड्यांमधली फट म्हणजे ती रेष. अशा जोडणीत एका तुकड्यावर सावली पडली तरी सगळ्यांचीच वीज घटते, त्यामुळे बाही अर्ध्या तबकडीवर आली की नुकसान अर्ध्याहून जास्त होतं.

निर्णायक वर्ष 1995. सिटिझनने त्या वर्षी आणलेल्या यंत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या. सेल इतके सुधारले होते की ते तबकडीच्या वर ठेवण्याची गरज उरली नाही, किंचित पारदर्शक तबकडीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरला. आणि साठवणीला लिथियमची चार्ज होणारी बॅटरी आली. ती पूर्ण भरली की घड्याळ अंधारात साधारण सहा महिने चाले. इको-ड्राइव्ह हे नाव यातूनच रूढ झालं. वीस वर्षांनंतरही बॅटरीची सुमारे 80 टक्के क्षमता शिल्लक राहते, असा कंपनीचा दावा आहे. तंत्रज्ञांना यातली बॅटरी मोठी वाटेल, पण घड्याळ हातात घालणाऱ्याच्या नजरेतून तबकडीचा बदल तितकाच मोठा होता. त्या दिवसापासून सोलर घड्याळ इतर घड्याळांसारखंच दिसू लागलं. मात्र त्याची किंमत आजही मोजावी लागते. तबकडीतून उजेड आत गेलाच पाहिजे, म्हणून अखंड धातूची झळाळती तबकडी इथे चालत नाही. त्यावर प्रत्येकाने आपापली तोड काढली. कार्टिए कंपनीने 2021 मध्ये तर रोमन आकड्यांनाच सूक्ष्म छिद्रं पाडली आणि उजेड तिथून आत घेतला.

साठा हाताशी आल्यावर घड्याळाकडून मागण्याही वाढल्या. जर्मनीच्या युंगहान्सने 1993 मध्येच रेडिओ लहरींवरून वेळ जुळवणारं सोलर घड्याळ आणलं होतं. कॅसिओने 1998 मध्ये आपल्या जी-शॉक या दणकट घड्याळांत सोलर सेल बसवले. सिटिझनने 2011 मध्ये आणि सायकोने 2012 मध्ये उपग्रहाकडून वेळ घेणारी सोलर घड्याळं काढली. उपग्रहाचा क्षीण संदेश पकडणं हे घड्याळासाठी फार खर्चिक काम, म्हणून तो ठरावीक वेळीच पकडला जातो. मला स्वतःला यांपेक्षा 2019 चं सिटिझनचं कॅलिबर 0100 हे घड्याळाचं यंत्र अधिक भावतं. बाहेरून कुठलाही संदेश न घेता, नुसत्या उजेडावर चालून ते वर्षाला जास्तीत जास्त एका सेकंदाने चुकतं.

काटकसरही याच काळात मुरली. अनेक सोलर घड्याळं अंधार लांबला की काटे थांबवतात, आत मात्र वेळ मोजत राहतात, आणि उजेड दिसताच काटे गरगर फिरून बरोबर जागी येतात. दोन-दोन सेकंदांची उडी हा त्याआधीचा इशारा. ती दिसली की घड्याळ बिघडलं असं समजून दुरुस्तीला धावू नये, खिडकीत ठेवावं. इथे आपले डोळे फसवतात. दिव्यांनी उजळलेली खोली लख्ख वाटते, पण टेबलावर उजेड असतो 500 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास. थेट उन्हात तो 1,00,000 लक्सपर्यंत जातो. जो साठा उन्हात काही मिनिटांत होतो, त्याला खोलीत तासन् तास लागतात. मात्र तापलेल्या गाडीच्या काचेमागे किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या अगदी जवळ घड्याळ ठेवू नये, कारण उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

जुनं सोलर घड्याळ विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी साठवणीची चौकशी करावी. काच, काटे, सोलर सेल बहुधा ठणठणीत असतात, थकते ती बॅटरी किंवा कपॅसिटर. तो बदलताना त्या यंत्रासाठी ठरवलेलाच भाग बसवून घ्यावा. मापाला जुळतो म्हणून साधा बटण सेल घातला तर घड्याळ त्यालाही चार्ज करायला जातं, सेल गळतो किंवा फुटतो, आणि चांगलं मशीन कायमचं खराब होतं.