‘पोस्ट होत नाही’ आणि ‘बूट होत नाही’: नव्या संगणकाची दोन वेगळी दुखणी

नव्या संगणकाचे सगळे भाग जोडून होतात, बटण दाबले जाते, पंखे फिरतात, रंगीत दिवे उजळतात आणि मॉनिटर मात्र काळाच राहतो. अशा वेळी जोडणाऱ्याच्या तोंडून हमखास एक वाक्य निघते, ‘पीसी बूट होत नाहीये.’ दुसऱ्या एखाद्या घरात मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो व्यवस्थित दिसतो, त्यानंतर काळ्या स्क्रीनवर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ अशी पांढरी ओळ उमटते, आणि तिथेही वाक्य तेच असते. मग पहिल्याला कुणीतरी ‘विंडोज पुन्हा मार’ असे सांगतो, दुसऱ्याला ‘रॅम काढून घाल’ असे सांगतो, आणि दोघांचाही रविवार फुकट जातो. पहिल्या संगणकाचे पोस्ट, म्हणजे चालू होतानाची स्वतःची तपासणी, होत नाही, दुसऱ्याचे बूट होत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन काहीही साधत नाही.

बूट म्हणजे काय हे वाचकांना बहुधा ठाऊकच आहे, म्हणून ते एका वाक्यात उरकतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम डिस्क शोधतो, तिच्यावरचा बूटलोडर, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, रॅममध्ये आणतो आणि पुढचा कारभार विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती सोपवतो. त्या मूळ प्रोग्रामला बायोस म्हणावे की यूईएफआय, या वादात मला रस नाही. नव्या बोर्डांवर तो यूईएफआयच असतो आणि आपण सगळे त्याला सवयीने बायोस म्हणतो, एवढे पुरे.

पोस्ट ही त्याच्या आधीची पायरी आहे. टपालाशी तिचा संबंध नाही; ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतही ही तपासणी होती आणि ती सुरळीत पार पडली की आतला स्पीकर एकदाच छोटीशी ‘बीप’ देत असे. आजही काम तेच आहे: प्रोसेसर जागा होतो, बायोस चालवू लागतो, रॅम ओळखून तिच्याशी मेळ बसवतो, ग्राफिक्स शोधून मॉनिटरकडे चित्र पाठवतो, कीबोर्ड आणि डिस्क यांची मोजदाद करतो. या यादीत विंडोज कुठेही नाही. एकही एसएसडी किंवा पेनड्राइव्ह न जोडता संगणक चालू केला, तरी निरोगी यंत्र बायोसच्या सेटअपपर्यंत पोहोचते. तेव्हा ज्या स्क्रीनवर अजून लोगोच आलेला नाही, तिच्यासाठी पेनड्राइव्ह बूटेबल करत बसणे हा ‘बाजारात तुरी’चाच प्रकार आहे.

गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरातून भाच्याचा फोन आला, ‘मामा, विंडोज इन्स्टॉलच होईना.’ त्याने तीन वेळा पेनड्राइव्ह तयार केला होता आणि एका दुकानात यंत्र दाखवूनही आणले होते. तिथे कॅबिनेटची बाजू न उघडताच त्याला ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगण्यात आले होते. नुकत्याच पाकिटातून काढलेल्या कोऱ्या डिस्कवर फॉरमॅट करून नेमके काय पुसणार होते, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मी डाव्या बाजूची काच काढली. कूलरचा पंखा आणि मागची भिंत यांच्या मधल्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ छिद्रांचे एक काळे सॉकेट रिकामे होते. प्रोसेसरला वीज पुरवणारी, एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची) आठ पिनांची वायर मदरबोर्डच्या पाठीमागे, कारखान्यातल्या वेटोळ्यासकट आणि पट्टीसकट, तशीच पडून होती. ती बसवली, बटण दाबले, आणि मिनिटभरात लोगो आला. पेनड्राइव्ह पहिल्याच वेळी बरोबर तयार झालेला होता.

भाच्याची चूक वायर विसरण्यात फारशी नव्हती. तशी चूक कोणाचीही होते. खरी चूक होती ‘पंखे फिरतात म्हणजे हार्डवेअर ठीक आहे’ असे धरून चालण्यात, आणि याच समजुतीपायी बहुतेक लोक फसतात. बटण दाबताच मदरबोर्ड एसएमपीएसला जागे होण्याची खूण करतो, एसएमपीएस बारा व्होल्टचा पुरवठा सोडतो, आणि पंखे व दिवे त्या पुरवठ्यावर चालू लागतात. त्यासाठी त्यांना प्रोसेसरची परवानगी लागत नाही. रॅम चुकीच्या खाचेत असली, प्रोसेसरला वीजच मिळत नसली, तरी पंखे झोकात फिरतात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांना हे सांगावे लागत नाही. मोटर घरघरत असली म्हणून धोटा धावतोच असे नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत असते. फिरणारा पंखा एवढेच सांगतो की भिंतीतली वीज कॅबिनेटपर्यंत आली आहे.

मग पोस्ट झाले की नाही हे ओळखायचे कसे? सर्वांत सरळ पुरावा मदरबोर्डच्याच अंगावर असतो. अलीकडच्या पुष्कळ बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याजवळ सीपीयू (प्रोसेसर), डीआरएएम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी अक्षरे छापलेली असतात. चालू करताना हे दिवे एकेक करून लागतात आणि विझतात. जिथे घोडे अडते तिथला दिवा लागलेलाच राहतो. पहिल्या तिन्हींपैकी एखादा लागून राहिला तर पोस्ट अडले आहे. चौथा लागून राहिला, तर याचा अर्थ पहिल्या तिन्ही परीक्षा पार पडल्या आहेत आणि बूट करण्याजोगे काही सापडलेले नाही. चार दिवे एका ओळीत असल्यामुळे लोक त्यांना एकाच दुखण्याची चार लक्षणे समजतात. प्रत्यक्षात तिसऱ्या आणि चौथ्या दिव्याच्या मधूनच या लेखाची सीमारेषा जाते. ज्या बोर्डावर दिवे नाहीत तिथे छोटा स्पीकर लावून बीप ऐकाव्यात, मात्र त्यांचा अर्थ त्या बोर्डाच्या पुस्तिकेतच पाहावा, कारण प्रत्येक बायोसची बीपची भाषा निराळी असते.

लोगो दिसल्यानंतरही एक बारीक खूण पाहण्यासारखी आहे. यूईएफआयवरून विंडोज सुरू होताना बोर्डाच्या कंपनीचा लोगो बहुधा तसाच राहतो आणि त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागते. ते ठिपके विंडोजचे असतात. लोगो आहे आणि ठिपके नाहीत, तर यंत्र अजून बायोसच्या हातात आहे. ठिपके फिरायला लागले आणि मग अडले, तर बायोसने आपले काम संपवून कारभार पुढे सोपवलेला आहे. स्क्रीनवर दोन्ही वेळी तेच बोधचिन्ह असते आणि लोक दोन्ही वेळी ‘लोगोवर अडकतोय’ एवढेच सांगतात.

काळ्या स्क्रीनचा तिसरा एक प्रकार मात्र खरोखर फसवा आहे, कारण त्यात पोस्टही झालेले असते आणि कदाचित बूटही, फक्त चित्र भलत्या दारातून बाहेर पडत असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खोचली, की हे घडते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यांच्यात आणि रायझेन ५ ५६०० सारख्यांत चित्र काढणारा भागच नसतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बोर्डावरचे ते भोक केवळ शोभेचे असते. अशा वेळी कीबोर्डवरचे नम लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा दाबण्यासरशी लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा जिवंत आहे आणि केबल कार्डावर हलवणे एवढेच काम उरते.

पोस्ट खरोखरच अडले असेल, तर आधी दोन्ही वीजवायरी पाहाव्यात: चोवीस पिनांची मोठी आणि वर सांगितलेली आठ पिनांची. ग्राफिक्स कार्डासाठीची सहा अधिक दोन पिनांची वायर तिच्यासारखीच दिसते, पण प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये जोर लावून ती बसवण्याचा पराक्रम करू नये. नंतर रॅम. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, आणि एकच पट्टी असेल तर ती दुसऱ्या खाचेत जाते. दोन्ही कडांनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत ती दाबावी लागते. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी बोर्ड तिच्याशी मेळ बसवण्यात काही मिनिटे घालवतो आणि तोवर स्क्रीन काळीच असते. अधीर माणूस मध्येच बटण दाबून यंत्र बंद करतो आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी पंधरा मिनिटे घड्याळ लावून थांबतो आणि तोवर यंत्राला हात लावत नाही.

रॅमची पट्टी खोडरबराने पुसण्याचा सल्ला मला विशेष खटकतो. दहा वर्षे धूळ खाल्लेल्या जुन्या संगणकात त्या उपायाला थोडा तरी अर्थ होता. आज सकाळी पाकीट फोडलेल्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर घासून खोडरबराच्या चुऱ्याखेरीज काही हाती लागत नाही. तसाच दुसरा लाडका दोषी म्हणजे सोलापूरचा उन्हाळा. बाहेरचा पारा चाळीसच्या वर गेला म्हणून पोस्ट अडत नाही. चालू केल्यावर काही सेकंदांतच यंत्र बंद पडत असेल, तर कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ पट्टी काढायची राहिली आहे का आणि कूलर प्रोसेसरला घट्ट टेकला आहे का, हे पाहावे आणि मगच सूर्याला बोल लावावा. बायोसच्या सेटिंग जपणारा सीमॉसचा सेल काढून घालणे हाही वाईट उपाय नाही, परंतु नव्या बोर्डाच्या बाबतीत तो पहिला नसावा, कारण ज्या सेटिंग कोणी बदललेल्याच नाहीत त्या मूळपदावर आणून विशेष काही साधत नाही.

त्यापेक्षा बोर्ड आणि प्रोसेसर यांच्या वयातला फरक पाहावा. लहान शहरांतल्या दुकानांत बोर्ड महिनोन्‌महिने पडून असतो. इंटेलच्या बी६६० चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचे) बोर्ड २०२२ च्या जानेवारीत आले आणि इंटेलचे तेराव्या पिढीचे प्रोसेसर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे आधी बनलेल्या बोर्डावर नंतरचा प्रोसेसर बसतो खरा, पण बायोस नवा केल्याशिवाय पोस्ट होत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. खरेदी करताना मी ही सोय आवर्जून पाहतो आणि तिच्यासाठी चमकणाऱ्या दिव्यांवर पाणी सोडतो.

एवढे करूनही स्क्रीन काळीच राहिली, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, चित्रासाठी लागत असेल तर कार्ड, आणि एसएमपीएस एवढ्यावरच चालवून पाहावा. इथे लोगो आला, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. बहुधा बोर्डाखाली नको तिथे राहिलेला, बोर्डाला टेकू देणारा एखादा पितळी खिळा.

बूटच्या बाजूला त्या मानाने गुंतागुंत कमी आहे, कारण तिथे यंत्र आपल्याशी बोलत असते. बायोसमध्ये डिस्क दिसते का, हे पाहावे. डिस्क तिथे दिसते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, असे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही यंत्रांवर होते. तिथे पेनड्राइव्हवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो. जुन्या संगणकातली डिस्क विंडोजसकट नव्यात लावली आणि ती विभागणीच्या जुन्या एमबीआर पद्धतीची असली, तर केवळ यूईएफआय जाणणारा बोर्ड तिच्यावरून सुरू होत नाही. आणखी एक चूक मी स्वतः केलेली आहे. जुनी डिस्क जोडलेली असतानाच नव्या डिस्कवर विंडोज टाकले, तर बूटलोडर पुष्कळदा जुन्या डिस्कवरच्या आधीच्या ईएफआय विभागात, म्हणजे बूटलोडरसाठी राखलेल्या जागेत, जाऊन बसतो. सगळे काही सुरळीत चालते. सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढून कोणाला तरी दिली जाते, आणि त्या संध्याकाळी नवा संगणक ‘बूट डिव्हाइस’ मागत उभा राहतो. विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली ठेवावी. बाकीच्यांच्या वायरी तेवढ्या वेळापुरत्या काढाव्यात.

या दोन दुखण्यांची हद्द एकाच ठिकाणी पुसट होते. पोस्टच्या शेवटी बायोस डिस्क आणि यूएसबीवरची उपकरणे मोजतो, तेव्हा एखादी बिघडलेली एसएसडी किंवा विचित्र पेनड्राइव्ह उत्तरच देत नाही आणि यंत्र ठिपक्यांविना लोगोवर गोठते. तिथे डिस्क दोषी असूनही अडलेले असते ते पोस्टच, आणि डिस्क काढताच सेटअप उघडतो.